दुष्काळात तेरावा

‘कितवा आला?’

आमच्या घरात हा प्रश्न कुणालाही विचारला जायचा. मला, दादाला, समोरच्या फ्लॅटमधल्या स्कॉलरला, वक्तृत्व स्पर्धेला गेलेल्या मावसबहिणीला आणि टीव्हीवर दिसणाऱ्या कुठल्याही खेळाडूला. उत्तरं तीनच चालायची. पहिला, दुसरा, तिसरा. त्यापुढचा कुठलाही आकडा आला की बाबा ‘असू दे, असू दे’ म्हणायचे आणि विषय संपायचा. ओरडणं वगैरे अजिबात नाही. नुसतं ‘असू दे’. ते जास्त लागायचं!

ऑगस्ट २०१६ ची गोष्ट. रिओ ऑलिम्पिक चालू होतं. मी नाशिकला एफवायला होते. सकाळी चहाबरोबर पेपरची वाटणी व्हायची. बाबांकडे पहिलं पान, दादाकडे स्पोर्ट्स, मला पुरवणी. त्या दिवसांत नाशिकच्या पेपरांत एक नाव सारखं यायचं. दत्तू भोकनळ. आपल्या चांदवड तालुक्यातला मुलगा, थेट ऑलिम्पिकला, तेही रोइंगमध्ये! आता रोइंग म्हणजे नक्की काय, हे आमच्याकडे कुणालाच धड माहीत नव्हतं. होडी वल्हवतात, एवढं कळत होतं. पण आपल्या जिल्ह्यातला म्हटल्यावर सॉलिड उत्सुकता होती.

१३ ऑगस्टला त्याची शेवटची शर्यत झाली. दुसऱ्या दिवशी बाबांनी पेपरातून मान वर न काढता विचारलं, ‘कितवा आला?’

‘तेरावा,’ दादा म्हणाला.

‘असू दे,’ बाबा म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात साक्षी मलिकचं ब्राँझ आलं, पाठोपाठ सिंधूचं सिल्व्हर. पेढे वाटून झाले, व्हॉट्सअॅपवर फॉरवर्डस् फिरले. तेराव्याला विसरायला आम्हाला चार दिवससुद्धा लागले नाहीत.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे जिममधलं एक मशीन.

त्याचं असं झालं की गेल्या वर्षी मी नोकरी सोडली. ‘सोडली’ हा शब्द जरा ग्लॅमरस आहे. त्यात फेअरवेलचा केक असतो, ‘नवीन काहीतरी करायचंय’ अशी पोस्ट असते. माझ्या बाबतीत असलं काही झालं नाही. पुण्यात एका न्यूज वेबसाइटच्या डेस्कवर होते मी. ऑफिसच्या भिंतीवर एक भला मोठा स्क्रीन, आणि त्यावर आम्हा पंधरा जणांची नावं. कुणाच्या बातमीला किती क्लिक्स, ते लाइव्ह दिसायचं. शेअर बाजारासारखी नावं दिवसभर वर-खाली होत राहायची. मी बहुतेक वेळा नववी-दहावी. बाबांच्या भाषेत ‘असू दे’.

एका मंगळवारी संध्याकाळी, अर्धी शिफ्ट बाकी असताना, मी वॉशरूममध्ये गेले आणि चाळीस मिनिटं बाहेरच आले नाही. हात थरथरत होते, श्वास पुरत नव्हता. काही विशेष घडलं होतं का? नाही. रोजच्यासारखाच दिवस होता. मग बॅग डेस्कवर तशीच टाकून जिन्याने खाली उतरले, अॅक्टिव्हा काढली आणि घर गाठलं. दुसऱ्या दिवशी गेले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी दोन ओळींचा मेल टाकला. बॅग एका मैत्रिणीने आणून दिली.

बाबांना सांगितलं नाही. दर रविवारी नाशिकहून फोन यायचा. ‘काय म्हणतंय ऑफिस?’ मी म्हणायचे, ‘चाललंय.’ सात महिने चाललं होतं माझं ते ऑफिस!

मधल्या काळात फ्रीलान्सिंग सुरू केलं. ‘फ्रीलान्स जर्नलिस्ट’ म्हणजे काय ते तुमच्यापैकी काही जणांना माहीत असेलच. मोदकापासून म्युच्युअल फंडापर्यंत जे येईल ते लिहायचं. त्यातच एक काम आलं. जिममधल्या रोइंग मशीनवर चारशे शब्द हवे होते. ‘फुल बॉडी वर्कआउट, कॅलरी बर्न, जरा यंग ठेव.’ म्हटलं, लिहायचंच आहे तर एकदा बसून बघू.

मशीन दिसायला अगदी गरीब. एक लांब पट्टी, तिच्यावर पुढे-मागे सरकणारी सीट, पाय अडकवायला पट्टे, ओढायला हँडल आणि समोर आकडे दाखवणारा छोटा डबा. माझा समज असा की हे हातांचं काम आहे. ट्रेनरने हसून मान हलवली. ‘मॅडम, आधी पायांनी ढकला. मग पाठ मागे. हात सगळ्यात शेवटी.’ परत येताना याच्या उलट. आधी हात, मग पाठ, मग गुडघे. ऐकायला सोपं वाटतं. करायला गेलं की हँडल गुडघ्यावर आपटतं.

‘दोन हजार मीटर मारा, ऑलिम्पिकमध्ये तेवढंच असतं,’ तो म्हणाला.

पहिले तीनशे मीटर मी खुशीत होते. सहाशेला घसा कोरडा पडला. नऊशेला मांड्या पेटल्या. अकराशे चाळीसला मी हँडल सोडलं. श्वास पुरेना, हात थरथरायला लागले... आणि एकदम ती वॉशरूम आठवली. तीच फरशी, तोच ट्यूबलाइटचा आवाज. उठून सरळ चेंजिंग रूम गाठली. ट्रेनर मागून ओरडला, ‘मॅडम, मशीन पुसून जा ओ!’

रात्री लॅपटॉप उघडला. खरी माणसं हे दोन हजार मीटर किती वेळात मारतात, ते लेखासाठी हवंच होतं. शोधता शोधता २०१६ च्या रिओचे निकाल समोर आले. पुरुष, सिंगल स्कल्स. सहा मिनिटं ५४.९६ सेकंद. त्यापुढे नाव होतं, दत्तू बबन भोकनळ.

आमचा तेरावा!

त्या रात्री चारशे शब्दांचा लेख बाजूला राहिला आणि मी पहाटेपर्यंत त्याच्याबद्दलच वाचत बसले.

चांदवड माझ्या ओळखीचं. नाशिकहून आग्रा रोडने धुळ्याकडे निघालं की लागतं. डोंगरातलं रेणुकामातेचं मंदिर, अहिल्याबाईंचा रंगमहाल, एसटी स्टँडवरचा चहा. बाबा बँकेत होते, त्यांची दोन वर्षं तिथे बदली होती. सुटीत आम्ही जायचो तेव्हा रस्त्यावर पाण्याचे टँकर दिसायचे आणि त्यांच्यामागे हंड्यांची रांग. याच तालुक्यातलं तळेगाव रोही हे दत्तूचं गाव. १९९१ सालचा जन्म. वडील विहिरी खोदायचे, दत्तूही त्यांच्याबरोबर कामाला जायचा. शिक्षण मध्येच सुटलं, पुन्हा धरलं. पेट्रोल पंपावर नोकरी केली. २०११ मध्ये वडील गेले. घरात सगळ्यात मोठा तोच. २०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला. खडकीचं बॉम्बे इंजिनिअर ग्रुप, म्हणजे बॉम्बे सॅपर्स.

विचार करा. ज्या मुलाने पाणी लागावं म्हणून जमीन खोदली, त्याला विशी ओलांडल्यावर कुणीतरी पाण्यावर बसवलं. उंची आणि ताकद बघून तिथल्या प्रशिक्षकांनी, कुद्रत अली यांनी, त्याला रोइंगमध्ये आणलं. सुरुवातीला पाण्याची भीती वाटायची, असं दत्तूनेच मुलाखतींमध्ये सांगितलंय. वाटणारच ना! सिंगल स्कल्सची होडी म्हणजे आपल्या डोक्यातली होडी नव्हेच. साधारण आठ मीटर लांब, बसायच्या जागी माणसाच्या कमरेएवढी अरुंद, आणि वजन जेमतेम चौदा किलो. आपल्या गॅस सिलिंडरमधला गॅसच मुळी १४.२ किलोचा असतो! दोन हातांत दोन वल्ही. ती पाण्यावर नीट धरली नाहीत तर होडी कलंडते. पहिल्या दिवशी तोल सांभाळणं हेच काम.

पुढचं ट्रेनिंग आर्मी रोइंग नोडमध्ये. हे कुठे आहे माहितीये? दापोडीला, सीएमईत. पुणे-मुंबई हायवेवर त्या भिंतीशेजारून मी अडीच वर्षं रोज अॅक्टिव्हाने ऑफिसला गेले. सकाळच्या ट्रॅफिकमध्ये हॉर्न वाजवत, आज स्क्रीनवर आपण कितव्या असू, याचं टेन्शन घेत. भिंतीपलीकडे देशातले सगळ्यात चांगले रोअर तयार होत होते, आणि मला पत्ताही नव्हता.

२०१५ मध्ये बीजिंगला आशियाई रोइंग स्पर्धेत दत्तूने सिंगल स्कल्सचं रौप्य मिळवलं. होडीत पहिल्यांदा बसल्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. एप्रिल २०१६ मध्ये दक्षिण कोरियात चुंगजूला ऑलिम्पिकची पात्रता स्पर्धा होती. तिथे दुसरा येऊन त्याने रिओचं तिकीट काढलं. रिओला जाणारा भारताचा तो एकटाच रोअर.

आणि ज्या काळात हे सगळं घडत होतं, त्याच काळात त्याची आई डोक्याला मार लागून अंथरुणावर होती. तिला माणसं ओळखणंही कठीण झालं होतं. मुलगा ऑलिम्पिकला जातोय, ही बातमी अख्ख्या नाशिक जिल्ह्याला कळली होती, आणि जिला सगळ्यात आधी कळायला हवी तिला सांगून उपयोग नव्हता. आपल्याकडे म्हणतात ना, दुष्काळात तेरावा महिना... तो असा.

आता रिओ. इथे जरा रोइंगची सिस्टिम समजून घेऊ, कारण सगळी गंमत तिच्यात आहे.

धावण्याच्या शर्यतीत सहसा बाद झालात की घरी जायचं. रोइंगमध्ये तसं नाही. सिंगल स्कल्सला रिओत ३२ जण होते. आधी हीट्स. हीटमध्ये मागे पडलात तरी एक संधी मिळते, तिचं नाव रेपेशाज. शब्द फ्रेंच आहे, अर्थ साधारण ‘पुन्हा पाण्यातून बाहेर काढणं’. म्हणजे पहिल्या फटक्यात बुडालेल्याला वर खेचायची शर्यत! मग क्वार्टर फायनल. तिथे पहिल्या तिघांत आलात तर पदकाच्या रस्त्यावर. नाही आलात तरी शर्यती संपत नाहीत. उरलेल्यांच्या वेगळ्या सेमीफायनल होतात, त्यातून वेगळ्या फायनल. फायनल ए मध्ये पहिले सहा ठरतात, बी मध्ये सात ते बारा, सी मध्ये तेरा ते अठरा, असं अगदी शेवटच्या माणसापर्यंत. प्रत्येकाला शेवटपर्यंत होडी मारावीच लागते. पदक गेलं, टीव्हीवाले गेले, तरी सकाळी उठून सुरुवातीच्या रेषेवर जायचं आणि तेच दोन हजार मीटर पुन्हा.

दत्तू हीटमध्ये तिसरा आला आणि रेपेशाजशिवायच क्वार्टर फायनलला गेला. क्वार्टर फायनलमध्ये पहिल्यांदा सात मिनिटांच्या आत आला, सहा मिनिटं ५९.८९ सेकंद. पण नंबर चौथा. एका जागेने पदकाची दारं बंद झाली. ‘भारताचं आव्हान संपुष्टात’ असं आपण अशा वेळी एका ओळीत छापून मोकळे होतो. डेस्कवर असताना ही ओळ मी स्वतः किती वेळा टाईप केली असेल, मोजदाद नाही.

आव्हान संपुष्टात आल्यानंतर दत्तूने आणखी दोन शर्यती मारल्या. सेमीफायनलमध्ये दुसरा आला, म्हणून फायनल सी मिळाली. आणि १३ ऑगस्टला रिओच्या त्या तळ्यात फायनल सी मध्ये तो पहिला आला! ६:५४.९६. स्पर्धेतली त्याची सगळ्यात चांगली वेळ ही होती. ती जिथे पदक मिळणार नव्हतं तिथे आली.

त्याच दिवशी फायनल ए झाली. न्यूझीलंडचा माहे ड्रायस्डेल आणि क्रोएशियाचा दामिर मार्टिन, दोघांचीही वेळ ६:४१.३४. शंभराव्या सेकंदापर्यंत सारखी! फोटो बघून ड्रायस्डेलला सुवर्ण दिलं गेलं. दत्तूच्या आणि त्यांच्यात १३.६२ सेकंदांचा फरक होता. तळेगाव रोहीच्या विहिरीपासून ते ऑलिम्पिक सुवर्णापर्यंतचं अंतर, १३.६२ सेकंद. सिग्नलला आपण याहून जास्त वेळ थांबतो.

शर्यत जिंकून जगात तेरावा. भारताच्या कुठल्याही रोअरला ऑलिम्पिकमध्ये तोवर मिळालेली ही सगळ्यात वरची जागा होती. आणि आमच्या डायनिंग टेबलवर तिला ‘असू दे’ मिळालं होतं.

पण मला त्या रात्री जागं ठेवलं ते रिओने नाही. ते पालेंबांगने.

२०१८ ची एशियन गेम्स, इंडोनेशिया. रोइंग पालेंबांगच्या जाकाबारिंग तळ्यावर होतं. २३ ऑगस्टला सिंगल स्कल्सची फायनल. दत्तू पदकाचा दावेदार. आणि शर्यतीच्या मध्येच त्याचा वेग तुटला. वल्ही थांबली. सहा जणांत तो सहावा आला, बाकीच्यांच्या खूप मागून. तब्येत बरी नव्हती, असं नंतर सांगण्यात आलं.

हे वाचताना मी दोनदा मागे जाऊन पुन्हा वाचलं. शर्यतीच्या मध्ये थांबला. सगळ्यांसमोर. इतकी वर्षं ज्यासाठी घालवली त्याच शर्यतीत. मला अकराशे चाळीस आठवलं, अर्धी शिफ्ट आठवली, डेस्कवर राहिलेली बॅग आठवली. माहितीये, माझी तुलना हास्यास्पद आहे. कुठे एशियन गेम्सची फायनल आणि कुठे क्लिक्सचा स्क्रीन! पण शरीराने ‘आता नाही’ म्हटलं की काय होतं, ते शरीराला एकाच भाषेत कळतं.

मग दुसरा दिवस. २४ ऑगस्ट. त्याच तळ्यावर क्वाड्रपल स्कल्सची फायनल. होडीत चार जण, प्रत्येकाकडे दोन वल्ही. स्वर्ण सिंग, ओमप्रकाश, सुखमीत सिंग आणि... दत्तू भोकनळ.

मी कॅलेंडर उघडून तारीख तपासली. खरंच दुसराच दिवस होता. तो पुन्हा होडीत बसला होता. तीच सीट, तेच पट्टे, तेच दोन हजार मीटर. यावेळी थांबला असता तर आणखी तिघांची शर्यत बुडाली असती. आणि त्या तिघांनी त्याला होडीत घेतलं होतं. यातला स्वर्ण सिंग म्हणजे २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सिंगल स्कल्सला सोळावा आलेला. सोळावा आणि तेरावा एका होडीत. वेळ ६:१७.१३. सुवर्णपदक! एशियन गेम्समध्ये रोइंगचं भारताचं हे दुसरंच सुवर्ण. पहिलं २०१० मध्ये बजरंगलाल ताखरने मिळवलं होतं.

इथे सिनेमा असता तर एंड टायटल्स आले असते. पण करिअर सिनेमासारखं वेळेवर संपत नाही, हे तुम्हा-आम्हाला चांगलंच माहितीये. मार्च २०१९ मध्ये रोइंग फेडरेशनने दत्तूवर दोन वर्षांची बंदी घातली. कारण? पालेंबांगच्या सिंगल स्कल्समध्ये तो मुद्दाम थांबला, असा ठपका. दुसऱ्या दिवशीचं सुवर्ण होतं, तरीही आदल्या दिवशीचं थांबणं वसूल झालंच. जानेवारी २०२० मध्ये ही बंदी उठवली गेली. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. टोकियोला मात्र तो नव्हता. तिथे २०२१ मध्ये अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग लाइटवेट डबल स्कल्समध्ये अकरावे आले आणि तेराव्याच्या पुढे भारताने दोन पावलं टाकली. २०२४ मध्ये पॅरिसला सिंगल स्कल्समध्ये बलराज पनवार होता, तो तेविसावा आला. म्हणजे एकट्याने होडी मारणाऱ्यांत दत्तूचा तेरावा अजून शाबूत आहे.

एक गोष्ट मला रोइंगबद्दल फार उशिरा कळली. रोअर ज्या दिशेने जातो तिकडे त्याची पाठ असते. शेवटची रेषा त्याला दिसतच नाही. दिसतं ते सुटलेलं पाणी आणि मागे पडलेले लोक. पुढे असलेल्याला मागचे सगळे दिसतात, आणि सगळ्यात मागच्याला कुणीच दिसत नाही. फक्त स्वतःच्या वल्ह्यांचा आवाज. पालेंबांगला २३ तारखेला दत्तूला समोर काय दिसलं असेल? रिकामं पाणी.

त्या रिकाम्या पाण्याकडे बघूनही माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो, हे मला कुणीतरी सात महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं. मला वाटत होतं की मध्येच थांबलं म्हणजे खेळ खल्लास. एकतर स्क्रीनवर वर राहायचं, नाहीतर बॅग सोडून पळून जायचं. बाद झाल्यानंतरही शर्यती असतात, आणि त्या तेवढ्याच लांबीच्या असतात, हे कुणी शिकवलंच नाही. आमच्या घरी तर तिसऱ्या नंबरनंतर पेपर मिटत होता.

दुसऱ्या दिवशी मी जिममध्ये गेले. सर्वात आधी, आदल्या दिवशी न पुसलेल्या मशीनबद्दल सॉरी म्हटलं. ट्रेनर म्हणाला, ‘बसा. आज घड्याळाकडे बघू नका.’ बघितलं मी, अर्थात. अकराशे चाळीसला हात पुन्हा थरथरले. वेग अर्ध्यावर आणला, पण हँडल सोडलं नाही. बाजूच्या ट्रेडमिलवरचे काका, जे नुसते चालत होते, तेसुद्धा माझ्याकडे काळजीने बघायला लागले. अकरा मिनिटं चाळीस सेकंद. दत्तूच्या वेळात मी अर्ध्या वाटेच्या जरा पुढे असते.

त्या रविवारी बाबांचा फोन आला.

‘काय म्हणतंय ऑफिस?’

‘बाबा, ऑफिस नाहीये. सात महिने झाले.’

पलीकडे शांतता. मागे टीव्ही चालू होता, तो बंद झाल्याचा आवाज आला. मी सगळं सांगितलं. मंगळवार, वॉशरूम, बॅग, मेल. ते मध्ये एक शब्द बोलले नाहीत. मी ‘असू दे’ ची वाट बघत होते.

‘पैशांचं काय करतेस मग?’

‘लिहितेय. पुरतात कसेबसे.’

‘आत्ता काय लिहितेयस?’

‘दत्तू भोकनळवर.’

‘तो तळेगाव रोहीचा?’ बाबा लगेच म्हणाले. ‘ऑलिम्पिकला तेरावा आला होता तो?’

मला क्षणभर काही सुचेना. एवढ्या वर्षांत आमच्या घरात ते नाव एकदाही निघालं नव्हतं.

‘तुमच्या लक्षात आहे?’

‘नसायला काय झालं? मी दोन वर्षं काढलीयेत चांदवडला. उन्हाळ्यात ब्रँचमध्ये प्यायला पाणी नसायचं. शिपाई सायकलवरून दोन कॅन आणायचा, तर लोक खातं काढायच्या आधी पाणी मागायचे.’ ते जरा थांबले. ‘तिथला पोरगा होडी मारायला ब्राझीलला गेला. तेरावा म्हणजे काय थोडं झालं का गं?’

हेच वाक्य २०१६ मध्ये बोलला असतात तर, असं ओठांवर आलं होतं. नाही म्हटलं. त्यांचीही काहीतरी रेपेशाज चालू असेल.

मग मी त्यांना मशीनचं सांगितलं. पाय आधी, मग पाठ, मग हात. अकराशे चाळीस. काळजीत पडलेले ट्रेडमिलवाले काका. बाबा पहिल्यांदाच हसले.

‘पूर्ण केलंस शेवटी?’

‘हो.’

‘किती वेळ लागला?’

‘अकरा चाळीस.’

‘बरंय,’ बाबा म्हणाले. ‘उद्या परत जा.’